फियाटचे ब्रेक कुणाच्या पायाला?

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा किती जणांना गहिवरून आलं! पण मैत्रिणींनो, आपल्या गावांत सासऱ्यांची नाहीतर वडिलांची फियाट अजून कुठे कुठे ताडपत्रीखाली उभी असतेच. हल्ली ती दुरुस्त करून, रंगवून बाहेर काढायची हौस आलीय. छानच आहे. मला खटकतं ते वेगळंच. सीटकव्हर कसलं घ्यायचं हे घरातल्या बाईला विचारतात. ब्रेक साधेच ठेवायचे की पॉवर ब्रेक बसवायचे, हे मात्र नवरा आणि मेकॅनिक परस्पर ठरवून मोकळे होतात. मग गाडी तयार झाली की, "तुला नाही जमायचं, ब्रेक जड आहेत," म्हणून किल्ली पुन्हा खुंटीला.

जड म्हणजे काय, ते तरी समजून घेऊ या. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब चाकापर्यंत जातो आणि आतले शू फाकून ड्रमला घासतात. जोर सगळा आपल्या पायाचा. पण फिरता ड्रम शूला आपल्याबरोबर खेचतो, तो आणखी घट्ट बसतो, आणि तेवढी मदत फुकटात मिळते. म्हणून तर हजार किलोच्या आतली ही गाडी इतकी वर्षं साध्या ब्रेकवर चालली. डिस्क ब्रेकला ही फुकटची मदत नसते, त्याला जास्त दाब लागतो. तेव्हा पुढच्या चाकांना डिस्क बसवणार असाल तर बूस्टर घ्याच.

बूस्टर म्हणजे एक गोल डबा. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर तो चालतो आणि पायाच्या जोरात भर घालतो. पॉवर ब्रेकने गाडी आपोआप कमी अंतरात थांबते, असं ठासून सांगणारे भेटतील. तसं नसतं हो! शेवटी पकड टायरची. पण ज्या पायाला ऐनवेळी पुरेसं दाबणं जमतच नाही, गुडघा दुखतो, तिच्यासाठी बूस्टर ही चैन नव्हे. "गाडी मूळ रूपात हवी" हा हट्ट तिथे सोडावा. मागच्या सीटवर पोरं बसलेली असतात.

तरीही माझं मत विचाराल तर आधी बूस्टरचा खर्च नको. पुष्कळदा ब्रेक जड नसतातच, आजारी असतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर अडकतात, रबर कडक होतात, शूवर तेल आलेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायला हवं. हे सगळं करून, सीट पुढे ओढून, पाठीला उशी घेऊन, मोकळ्या मैदानात स्वतः चालवून बघा. नवऱ्याने चालवून "ठीक आहे" म्हटलेलं चालणार नाही. एवढं करूनही पाय थरथरला, तर खुशाल बूस्टर बसवा. मात्र मेकॅनिकला पेडलची तरफही तपासायला सांगा. साध्या ब्रेकसाठीच्या तरफेवर नुसता बूस्टर चढवला तर ब्रेक नको तितके हलके होतात आणि जरा पाय लागला की गाडी गचकन थांबते.

आणि एक आपल्याकडची सवय. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करायचं! बूस्टरवाल्या गाडीत असं केलं तर एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते, मग पेडल दगडासारखं. साध्या ब्रेकलाही उतारावर सारखा पाय ठेवला की ड्रम तापून पकड जाते. ब्रेक कुठलेही असोत, इंजिन चालू आणि गिअर खालचा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायचा घरात बेत असेल, तर काही बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या. आणि हेही लक्षात असू द्या, की तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे तुमची बाजारहाटीची आणि शाळेची फेरी राहिलीच. तो कागद भरायच्या आधी त्या चर्चेत खुर्ची ओढून बसा.