शियात्सु : बोटांच्या दाबाचा जपानी उपचार

डोके दुखू लागले की हात आपोआप कपाळाकडे जातो. संध्याकाळी पाय भरून आले की मुलांना हाक मारून आपण ते चेपून घेतो. दुखऱ्या जागी दाब दिला की बरे वाटते, हा सगळ्या मुलखांतला अनुभव आहे. जपानी लोकांनी या अनुभवाला शिस्त लावली आणि त्याची शाळा काढली. त्या पद्धतीचे नाव शियात्सु. या वेळी आम्ही तिची ओळख करून देत आहोत.

जपानी भाषेत ‘शि’ म्हणजे बोट आणि ‘आत्सु’ म्हणजे दाब. हे नाव विसाव्या शतकात रूढ झाले. पण त्यामागची ‘आन्मा’ ही मालिश फार जुनी, मूळची चीनकडून आलेली. एकेकाळी ती जपानमधील अंध लोकांच्या रोजीरोटीचा मोठा आधार होती. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांना हे हुन्नर शिकवले.

आजच्या शियात्सुशी मुख्यतः तोकुजिरो नामिकोशी यांचे नाव जोडले जाते. त्यांचा जन्म 1905 चा. ते लहान असताना कुटुंब उत्तरेकडील होक्काइदो बेटावर राहायला गेले. तिथल्या थंडीत आईचे सांधे धरले. जवळपास डॉक्टर नव्हता. मुले आळीपाळीने आईचे अंग चोळत, दाबत. त्यात तोकुजिरोच्या हाताने तिला अधिक आराम पडे. कुठे कातडी गार लागते, कुठे स्नायू कडक झाले आहेत, हे तो बोटांनी ओळखू लागला. पुढे 1925 मध्ये त्यांनी होक्काइदोत पहिला दवाखाना उघडला आणि 1940 मध्ये टोकियोत शाळा काढली. आज जपानमध्ये हा व्यवसाय करायचा तर किमान तीन वर्षांचे शिक्षण घेऊन राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते.

हा उपचार जमिनीवर अंथरलेल्या गादीवर होतो. तेल लागत नाही. कपडे उतरवावे लागत नाहीत. उपचार करणारा अंगठ्याने किंवा तळव्याने सरळ खाली दाब देतो, काही सेकंद थांबतो आणि हळूच सोडतो. जोर हाताचा नसतो, शरीराचा भार पुढे झुकवलेला असतो. दाबाच्या ठिकाणांना ‘त्सुबो’ म्हणतात. शिझुतो मासुनागा यांच्या परंपरेत शरीरातून ‘की’ म्हणजे प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते असे मानतात. नामिकोशींचा भर स्नायू आणि नसांवर होता.

उपयोग कितपत? आखडलेली मान, पाठ, थकवा, मनाचा ताण यांत अनेकांना आराम वाटतो. मनगटाच्या आतल्या बाजूस, घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधोमध एक बिंदू आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर तो दाबण्याचा उपयोग वैद्यकीय चाचण्यांत दिसला आहे. पण इतर बहुतेक दाव्यांना भक्कम पुरावा नाही. दाबाने मधुमेह जातो, ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुटतात असे कुणी सांगितले, तर त्याच्या नादी लागून औषध बंद करू नये. छातीत दुखणे, अचानक हात-पाय लुळे पडणे, यात एक मिनिटही दाबण्यात घालवू नये. थेट रुग्णालय गाठावे.

काहींच्या बाबतीत दाब घातक ठरू शकतो. मोडलेले हाड, ताप, जखम, ठिसूळ झालेली हाडे किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती मुळीच चेपू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला दाब जास्त झाल्याचे कळतच नाही. गरोदर स्त्रीने हा उपचार जाणकाराकडूनच घ्यावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बिंदू तर गरोदरपणात दाबू नये, अशी जुनी शिकवण आहे.

हे सांभाळून घरी थोडे करता येते. अब्बा-अम्मींच्या खांद्यावर तळवा ठेवा, भार हळूहळू द्या, तीन-चार सेकंद थांबा, सोडा. नखे कापलेली आणि हात कोमट असावेत. मणक्याच्या हाडावर, गळ्याच्या पुढच्या बाजूस दाबू नका. आणि मध्ये मध्ये विचारा, “दुखतंय का?” त्यांनी हो म्हटले की तिथेच थांबा.