दया नव्हे, वाटा

घरातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाविषयी आपल्या समाजात एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : 'आमच्यामागे त्याचा भाऊ त्याला सांभाळील.' या एका वाक्याच्या बळावर वाडी थोरल्याच्या नावे होते, घर धाकट्याच्या नावे होते आणि ज्याला दोघांहून अधिक गरज आहे, त्याच्या वाट्याला केवळ भावांची मर्जी उरते. ही मायेची तजवीज नव्हे; हा गोड शब्दांत केलेला अन्याय आहे.

आपणां ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपल्यापेक्षा अधिक न्यायी आहे. मृत्युपत्र नसेल, तर पित्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश भाग त्याच्या विधवेला आणि उरलेला दोन तृतीयांश मुलामुलींना समसमान मिळतो. सुदृढ आणि अपंग हा भेद कायदा करीत नाही. मृत्युपत्र लिहिताना तो आपण करतो.

'पोटच्या मुलावर अविश्वास दाखवायचा काय?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. वाचकहो, प्रश्न विश्वासाचा नाहीच. प्रेमळ भाऊही कर्जात बुडतो, आजारी पडतो, मरण पावतो. मग त्याच्या नावे ठेवलेली मिळकत सावकाराकडे तरी जाते किंवा त्याच्या वारसांकडे. त्या वारसांनी तुम्हांला कोणतेही वचन दिलेले नसते.

सारे काही त्या मुलाच्याच हाती सोपवावे, असेही माझे म्हणणे नाही. ज्याला व्यवहार उमगत नाही, त्याचा वाटा मृत्युपत्राद्वारे खासगी न्यासात ठेवावा, किमान दोन विश्वस्त नेमावेत आणि त्याच्या औषधांचा, आहाराचा, सोबतीचा दरमहाचा खर्च लिहून ठेवावा. मूल १८ वर्षांचे झाले की पालकत्वाचा प्रश्न नव्याने उभा राहतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्ह्यातील स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. त्या पालकाला सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. भावालाच पालक करा. परंतु हिशेब देणारा पालक करा. प्रामाणिक भावाला त्याचे ओझे वाटणार नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळी त्या लेकराला भावंडांइतकेच पूर्ण नाव दिलेत ना? मग तेच नाव मृत्युपत्रातही लिहा. आणि त्यापुढे दयेचे शब्द नकोत, वाट्याचा आकडा लिहा.