आग्रह कशाचा धरावा?

पाहुण्याला आग्रहाने वाढावे, ही आपली जुनी रीत आहे. पंगतीत 'आणखी एक घ्याच' म्हणणारा यजमान मोठ्या मनाचा समजला जातो आणि मोडता न घालता ते पानात घेणारा पाहुणा सुसंस्कृत ठरतो. जिलबीच्या बाबतीत या आग्रहाने फार तर पोट जड होते. हाच आग्रह मद्याच्या पेल्यासाठी होऊ लागला आणि पाहुण्याच्या खिशात मोटारीची किल्ली असली, तर मात्र त्याचे मोल रस्त्यावरच्या एखाद्या अनोळखी माणसाला चुकवावे लागते. मद्यपान करून वाहन चालवणे हा एकट्या चालकाचा दोष आहे, असे आपण मानत आलो आहोत. त्या मेजाभोवती बसलेल्या इतरांचाही त्यात वाटा असतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बेंगळुरूच्या दक्षिणेकडील जयनगर हे याचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. १९४८ साली या वसाहतीचा पाया घातला गेला. ब्लॉकवार आखणी, रुंद रस्ते, दुतर्फा झाडी आणि चौथ्या ब्लॉकातील गजबजलेले बाजारसंकुल यांमुळे नोकरीनिमित्त या शहरात आलेल्या कुटुंबांना ही वस्ती आपलीशी वाटते. दिवसा वाहनांनी तुंबलेले येथील रस्ते मध्यरात्री मोकळे होतात आणि मोकळा रस्ता वेगाचा मोह घालतो. याच वस्तीच्या पूर्वेस संजय गांधी इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स ही अपघातग्रस्तांसाठीची शासकीय संस्था आहे, आणि जवळच होसूर मार्गावर 'निम्हान्स' ही मेंदू व मनोविकारांवरील विख्यात संस्था आहे. रात्रीच्या मोहाची परिणती काय होते, हे या दोन संस्थांच्या तातडीच्या विभागांइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल. निम्हान्समधील डॉ. जी. गुरुराज यांनी रस्ते अपघात, मेंदूला होणाऱ्या इजा आणि मद्य यांच्या परस्परसंबंधाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी प्राण गमावले. त्यांपैकी मद्य वा अमली पदार्थांमुळे झालेले म्हणून नोंदले गेलेले मृत्यू सुमारे अडीच टक्केच आहेत. हा आकडा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. तो पोलिसांच्या नोंदींवरून काढलेला असतो, आणि अपघातानंतर प्रत्येक चालकाची मद्यचाचणी होतेच असे नाही. ज्याची चाचणीच झाली नाही, त्याची नोंद बहुधा 'अतिवेग' या सदरात जाते. रुग्णालयांतून झालेल्या अभ्यासांत मद्याचे प्रमाण यापेक्षा बरेच अधिक आढळले आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. श्वासचाचणीस नकार देऊन सुटका होत नाही. तो नकारच चालकाच्या विरोधात पुरावा म्हणून विचारात घेता येतो.

अनेकांना '३० मिलिग्रॅम' ही एक सवलत वाटते. तेवढ्यात बसेल इतके प्यायला हरकत नाही, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, कारण मद्य सर्वप्रथम हिशेब करणाऱ्या बुद्धीवरच अंमल बसवते. 'मी अगदी ठीक आहे' हे वाक्य मद्याच्या अमलाखालीच अधिक ठामपणे उच्चारले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ब्रेकवर पाय पडण्यास अर्ध्या सेकंदाचा विलंब झाला, तरी ती आणखी आठ मीटर पुढे गेलेली असते. कॉफी, लिंबूपाणी किंवा तोंडावर मारलेला थंड पाण्याचा सपकारा यांनी झोप उडेल, पण रक्तातील मद्यार्क कमी होत नाही. यकृत आपल्या संथ गतीनेच तो बाहेर काढते. म्हणून रात्री उशिरापर्यंत चाललेल्या मेजवानीनंतर सकाळी चाकावर बसणेही निर्धोक नसते.

याच अधिनियमाचे कलम १८८ मात्र फारसे कोणाच्या वाचनात नसते. मद्यपान करून वाहन चालवण्यास जो प्रोत्साहन वा साहाय्य देतो, म्हणजेच त्या गुन्ह्याचे दुष्प्रेरण करतो, तोही चालकाइतक्याच शिक्षेस पात्र ठरतो, असे हे कलम सांगते. मित्राची अवस्था दिसत असूनही त्याच्या हाती किल्ली देणाऱ्याने ते एकदा अवश्य वाचावे.

अपघातात जीव गेल्यास प्रकरण कलम १८५ पुरते राहत नाही. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या श्रमिकांच्या अंगावर मोटार गेली. सात जण मृत्युमुखी पडले, आठ जखमी झाले. उच्च न्यायालयाने चालकास सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. तरीही १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात एका आलिशान मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेलाच. चालक अल्पवयीन असल्याचे समोर आल्यावर साऱ्या महाराष्ट्राने एकच प्रश्न विचारला : किल्ली त्याच्या हाती आली कशी?

खातेदारांनी ध्यानात घ्यावे असे

मोटारीचा विमा उतरवला आहे, मग चिंता कसली, असे म्हणणाऱ्यांनी पॉलिसीच्या अटी पुन्हा पाहाव्यात. मद्याच्या अमलाखाली चालवलेल्या मोटारीची नुकसानभरपाई नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीस असतो. श्वासचाचणी वा रक्तचाचणी झालेली नसली, तरी अन्य पुराव्यांच्या आधारे दावा फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षणही अशा वेळी मिळत नाही. अपघातग्रस्ताला कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि ती रक्कम नंतर वाहनमालकाकडून वसूल करावी, असेही निवाडे झाले आहेत. म्हणजे मोटार भंगारात निघते, भरपाईचा बोजा घरादारावर येतो आणि वाहन-कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस भरावाच लागतो. कर्ता माणूसच गेला असेल, तर तो हप्ता कोणी भरायचा, याचे उत्तर कोणत्याही कर्जपत्रात नसते.

उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या पेल्याआधी योजावा लागतो. मेजवानीस निघतानाच परतीची सोय ठरवावी. जयनगरात ती अवघड नाही. साऊथ एंड सर्कल, जयनगर आणि राष्ट्रीय विद्यालय रोड या स्थानकांवरून मेट्रोची हिरवी मार्गिका जाते आणि ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय विद्यालय रोडहून बोम्मसंद्रपर्यंत पिवळी मार्गिकाही सुरू झाली आहे. मेट्रो थांबल्यावर टॅक्सी व रिक्षा आहेतच. मित्रमंडळींत एकाने त्या रात्री मद्यास स्पर्श न करता सर्वांना घरी पोहोचवण्याचे काम पत्करावे. कार्यालयीन समारंभ योजणाऱ्यांनी भोजनाच्या खर्चाबरोबर परतीच्या वाहनांचाही खर्च धरावा. यजमानाने तर पाहुणा दाराशी येण्यापूर्वीच ठरवून ठेवावे, की गरज पडल्यास किल्ली मागून घ्यायची आणि त्याच्या रागाकडे दुर्लक्ष करायचे.

वाचकहो, आग्रह ही आपल्या संस्कृतीची शोभा आहे. ती टाकून देण्याचे कारण नाही. तो कशासाठी धरायचा, एवढेच बदलायचे आहे. 'आणखी एक घ्याच' याऐवजी 'आज किल्ली इथेच राहू द्या, उद्या मोटार घेऊन जा' असे म्हणावे आणि पाहुण्याने कितीही आढेवेढे घेतले तरी मागे हटू नये. तो रागावला, तरी सकाळपर्यंत निवळेल. राग निवळण्यासाठी तो सकाळी असावा, हे महत्त्वाचे.