चाकू शोकेसमध्ये, विळी भंगारात?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काही ना काही खाली येतंच. यंदा आमच्याकडे एका गंजक्या डब्यातून आजेसासऱ्यांचा खिशातला चाकू निघाला. शिंगाची मूठ, मिटणारं पातं आणि त्यावर पुसटसं 'शेफिल्ड' हे नाव. लगेच घरात दोन तट पडले. लेक म्हणाला, "शोकेसमध्ये ठेवू." सासूबाई म्हणाल्या, "अरे, याच चाकूनं मामंजी आंबे कापून द्यायचे. शोभेला का घेतला होता त्यांनी?"

मला मात्र आजेसासूबाईंची विळी आठवली. पन्नासेक वर्षं या घराच्या भाज्या चिरून आणि नारळ खवून तिचं पातं निम्मं झालं होतं. गेल्या वर्षी ती किलोच्या भावानं भंगारात गेली. तेव्हा शोकेसचं नाव कुणी काढलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही!

मैत्रिणींनो, जुनी वस्तू वापरायची की जपायची हा प्रश्न नंतरचा. कुणाची वस्तू 'आठवण' ठरते आणि कुणाची 'अडगळ', हे आधी विचारायला हवं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीदार अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातली साधनंही मानानं मांडलेली आहेत. बायकांच्या हाताखालच्या वस्तूही मोलाच्या असतात, हे दिनकर केळकरांनी ओळखलं होतं. ते आपल्यालाच का ओळखू येऊ नये?

आता वापराचं. माझं मत सासूबाईंच्या बाजूनं. पातं खिळखिळं झालं असेल किंवा मूठ चिरली असेल, तर वस्तू जपून ठेवावी. धडधाकट असेल, तर खुशाल वापरावी. फक्त तिचा स्वभाव ओळखावा. हॅरी ब्रेअर्ली यांनी शेफिल्डमध्ये न गंजणारं पोलाद तयार केलं ते १९१३ साली. त्याआधीची पाती साध्या पोलादाची, आपल्या जुन्या विळ्यांसारखीच. कैरी-लिंबू लागलं की ती काळवंडतात. त्या काळेपणाला घाबरू नका, घाबरायचं ते गंजाला. काम झालं की लगेच धुवा, कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा. पाण्यात भिजत ठेवू नका. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर पातं भराभर झिजतं, म्हणून घरीच दगडावर हलक्या हातानं धार लावा. आणि घासून चकचकीत करण्याच्या नादात पात्यावरचं नाव घालवू नका.

आणखी एक करा. वस्तू कुणाची, तिनं काय काय केलं, हे चिठ्ठीवर लिहून ठेवा. सांगणारं माणूस गेलं, की उरतं ते नुसतं लोखंड.

परवा आम्ही त्या चाकूनं पेरू कापले, तिखट-मीठ लावून सगळ्यांनी खाल्ले. सासूबाईंनी दहा तरी गोष्टी सांगितल्या. विळीच्या गोष्टी मात्र आता विळीशिवायच ऐकाव्या लागणार. तुमच्या घरातली अजून असेल, तर भंगारवाल्याची हाक येण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा.