दणकट, ‘वॉटरप्रूफ’ मोबाईलसाठी जादा पैसे मोजावेत का? शेतीच्या हिशेबाने पडताळणी

मोबाईल आता शेतीच्या अवजारांच्या यादीत आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरची पीक नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, फोटो काढून करायची पद्धत आली. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागली. हमीभाव केंद्रावर सोयाबीन न्यायचे असले तरी सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागतेच.

ही कामे नेमकी पावसाळ्यात आणि काढणीच्या धांदलीत येतात. त्याच दिवसांत मोबाईल भिजतो, चिखलात पडतो, खिशातून निसटून काच फुटते. मोबाईल कंपन्यांनी हे ओळखले आहे. दुकानात गेलात की ‘आयपी६८’, ‘आयपी६९’, ‘मिलिटरी ग्रेड’ असे शब्द ऐकू येतात आणि त्यासाठी सहा-सात हजार ते पंधरा हजार रुपये जादा मागितले जातात. हे पैसे कुणी द्यावेत आणि कुणी वाचवावेत, ते पाहू.

आधी आकड्यांचा अर्थ समजून घ्या

‘आयपी’नंतर दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ हा सर्वात वरचा दर्जा, म्हणजे धूळ आत जात नाही. ५ असेल तर थोडी धूळ जाऊ शकते. पाण्याचे आकडे असे वाचा:

- ४ : सर्व बाजूंनी उडणारे पाणी सहन होते. पावसाच्या सरी आणि शिंतोडे यांसाठी पुरेसे. आयपी५४ किंवा आयपी६४ लिहिलेले फोन या गटातले.
- ५ आणि ६ : पाइपच्या धारेपासून संरक्षण.
- ७ : एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे.
- ८ : त्याहून कठीण चाचणी. खोली आणि वेळ कंपनी स्वतः जाहीर करते, म्हणून दोन कंपन्यांचे आयपी६८ सारखेच असतील असे नाही.
- ९ : जवळून मारलेल्या, जास्त दाबाच्या आणि सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्याच्या धारेची चाचणी.

इथे बरेच जण फसतात. आयपी६९ आकड्याने मोठा दिसतो, पण धारेची चाचणी आणि बुडण्याची चाचणी वेगवेगळ्या आहेत. फक्त आयपी६९ असलेला फोन शेततळ्यात पडल्यावर टिकेलच असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्ही हवे असतील तर खोक्यावर ६८ आणि ६९ दोन्ही लिहिलेले हवेत.

‘मिलिटरी ग्रेड’चेही असेच. एमआयएल-एसटीडी-८१०एच ही अमेरिकी लष्कराची चाचणी-पद्धत आहे. तिच्यात पडणे, उष्णता, थंडी, दमटपणा, कंप अशा अनेक चाचण्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या करायच्या ते कंपनी ठरवते. अमेरिकी लष्कर अशा फोनला प्रमाणपत्र देत नाही. पडण्याची नेहमीची चाचणी सुमारे १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा पाडण्याची असते आणि हे २६ वेळा पाडणे पाच नगांमध्ये वाटून घेता येते. त्यामुळे ‘कोणकोणत्या चाचण्या केल्या?’ हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. तिथे काही सापडले नाही, तर त्या शब्दासाठी एक रुपयाही जादा देऊ नका.

प्रयोगशाळेतले पाणी आणि शेतातले पाणी

आयपीची पाण्याची चाचणी नव्या फोनवर, साध्या स्वच्छ पाण्यात होते. आपल्या शेतात पाणी क्वचितच साधे असते. ठिबकच्या टाकीत विरघळलेला युरिया आणि पोटॅश, फवारणीच्या बादलीतले कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो मिश्रण, गोठ्यातले मूत्र ही सगळी क्षारयुक्त पाणी आहेत. चार्जिंगच्या पॉइंटमधल्या धातूच्या पट्ट्या ती हळूहळू खातात. ‘ईसी’ प्रकारच्या कीटकनाशकांत सेंद्रिय द्रावक असतात आणि ते रबर व डिंक मऊ करू शकतात. फोनमधले पाणी अडवणारे सील रबर आणि डिंकाचेच असते.

सील कालांतरानेही कमजोर होते. दोन-तीन वर्षे उन्हात तापलेला, चार वेळा पडलेला फोन खोक्यावरच्या आकड्याइतका टिकेल असे धरू नका. आणि एकदा गावातल्या दुकानात डिस्प्ले बदलायला फोन उघडला की कारखान्यातले सील गेले. नवे सील त्याच पद्धतीने बसवले नाही, तर जादा पैसे देऊन घेतलेला गुण त्याच दिवशी संपतो.

वॉरंटीचे कलमही वाचा. आयपी६८ लिहिलेल्या फोनमध्ये पाणी गेले तरी बहुतेक कंपन्या त्याला वॉरंटीत धरत नाहीत. खोक्यावरचा आकडा म्हणजे हमीपत्र नव्हे.

आणखी एक मर्यादा. फोन पाण्यात टिकला तरी ओल्या काचेवर बोट नीट चालत नाही. पाऊस सुरू असताना ई-पीक पाहणीचा फोटो काढायचा तर आयपी६८ असो वा नसो, आधी काच पुसावीच लागते. काही फोनमध्ये ओल्या हाताने किंवा हातमोजा घालून चालवण्याची सोय असते. ती आहे का, हे दुकानातच ओले बोट लावून पाहा.

जादा पैशाचा हिशेब

बाजारात ढोबळमानाने तीन पर्याय आहेत.

पहिला : दहा-अकरा हजारांचा साधा फोन, जाड कव्हर, काच आणि गळ्यात अडकवायचा प्लॅस्टिकचा पाऊच. एकूण ११,५०० रुपये धरू.

दुसरा : आयपी६८-६९ दर्जाचा मध्यम किमतीचा फोन. एप्रिल २०२५ मध्ये ओप्पो ए५ प्रो ५जी भारतात १७,९९९ रुपयांपासून आला. त्यावर आयपी६६, ६८ आणि ६९ असे तिन्ही दर्जे दिलेले होते. वर्षभर आधी, जून २०२४ मध्ये, याच कंपनीचा आयपी६९ असलेला एफ२७ प्रो प्लस २७,९९९ रुपयांना आला होता. हे संरक्षण झपाट्याने स्वस्त होते आहे, हे लक्षात ठेवा.

तिसरा : खास कामगारांसाठी बनवलेला दणकट फोन. उदाहरण सॅमसंग गॅलेक्सी एक्सकव्हर७. २०२४ च्या सुरुवातीला भारतात आला तेव्हा किंमत २७,२०८ रुपये होती. आयपी६८ आणि हातमोज्यासह चालणारी काच या सोयी आहेतच, पण खरी जमेची बाजू म्हणजे मागचे झाकण काढून बॅटरी स्वतः बदलता येते.

पहिल्या आणि दुसऱ्यात फरक सुमारे ६,५०० रुपयांचा. तीन वर्षे वापर धरला तर वर्षाला साधारण २,१७० रुपये. पहिल्या आणि तिसऱ्यात फरक १५,७०० रुपयांचा, पाच वर्षे वापरला तर वर्षाला सुमारे ३,१४० रुपये. यापुढे तुमच्या घरचा आकडा लागतो: गेल्या पाच वर्षांत घरातले किती फोन गेले आणि कशाने गेले?

शेतकरी मेळाव्यांत मी हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक उत्तरे ‘काच फुटली’, ‘चार्जिंग होत नाही’ किंवा ‘हँग होतो’ अशी येतात. पाण्याने गेलेले फोन असतात, पण कमी. काच फुटण्यावर जाड कव्हर चालते. हँग होण्यावर आयपीचा काही उपयोग नाही, तिथे जास्त रॅम आणि साठवणूक लागते. पाच वर्षांत पाण्याने एकही फोन गेला नसेल, तर ६,५०० रुपये वाचवा. दोन गेले असतील, तर तुम्ही आधीच वीस-बावीस हजार पाण्यात घातले आहेत आणि दुसरा पर्याय तुमच्यासाठी स्वस्त आहे.

फोन बंद पडल्याने खरे नुकसान किती?

विक्रेता म्हणेल, ‘फोन बंद पडला तर अनुदान जाईल.’ हे अर्धे खरे आहे. ई-पीक पाहणी ॲपमध्ये एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे शेजाऱ्याचा किंवा मुलाचा फोन चालतो. पीक विम्याच्या देशपातळीवरील योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यायची असते आणि ती १४४४७ या क्रमांकावर साध्या फोनवरूनही देता येते. महाराष्ट्रात तर २०२५ च्या खरिपापासून विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते.

खरी अडचण सिमकार्डाची आहे. आधारला जोडलेला क्रमांक बंद पडला की ओटीपी येत नाही आणि तिथून पुढचे सगळे अडते. म्हणून घरात एक चालू स्थितीतला जुना फोन राखून ठेवा. मुख्य फोन बुडाला तर सिम काढून त्यात टाकता येते. सातबारा, पासबुक, विम्याची पावती यांचे फोटो घरातल्या दुसऱ्या एका फोनवरही पाठवून ठेवा. या दोन गोष्टींना जवळपास काहीच खर्च नाही आणि त्या कोणत्याही आयपी दर्जापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

कुणी काय घ्यावे?

- कोरडवाहू शेती, फोन बहुतेक वेळ खिशात : साधा फोन, कव्हर आणि पाऊच. उरलेल्या पैशातून जास्त रॅमचा फोन घ्या.
- भात, ठिबकची बाग, दुग्धव्यवसाय, दिवसभर ओल्यात काम : आयपी६८ असलेला मध्यम किमतीचा फोन परवडतो.
- मत्स्यशेती, मळणीयंत्र किंवा ड्रोन भाड्याने चालवणारे, ज्यांचा धंदाच फोनवर आहे : खास दणकट फोनचा विचार करा. एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई गेली.

कोणताही फोन घेताना ॲण्ड्रॉइडचे अपडेट किती वर्षे मिळणार ते विचारा. शरीराने दणकट पण जुनी प्रणाली असलेला फोन दोन-तीन वर्षांत सरकारी ॲपची नवी आवृत्ती घ्यायला नकार देतो. उघड्या शिवारात जीपीएस तुमचे ठिकाण किती लवकर आणि अचूक पकडतो, हेही ओळखीच्या कुणाच्या फोनवर तपासून पाहा. ई-पीक पाहणीत ठिकाण गटाबाहेर दाखवले, तर दणकटपणा कामाला येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटर आहे का, हेही पाहा.

फवारणीत कोणताच फोन नको

‘पाणी लागले तरी चालते’ म्हणून फवारणी करताना फोन हाताळू नका. औषध लागलेल्या हातमोज्याने धरलेला फोन पुढे गालाला, ओठाला लागतो आणि संध्याकाळी लेकरांच्या हातात जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरून चालणार नाही. फवारणीपूर्वी फोन बांधावर, पिशवीत, सावलीत ठेवा. हात साबणाने धुतल्यावरच उचला.

फोन भिजलाच तर

१. लगेच बंद करा. चालू करून पाहू नका.
२. सिम आणि कार्ड काढा. बाहेरून कोरड्या सुती फडक्याने पुसा.
३. आयपी६७ किंवा ६८ चा फोन खताच्या किंवा चिखलाच्या पाण्यात पडला असेल, तर आधी स्वच्छ पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून घ्या.
४. चार्जिंगचा पॉइंट खाली करून हवेशीर जागी किमान एक दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, भुसा पॉइंटमध्ये जातो.
५. उन्हात, चुलीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली वाळवू नका.
६. पॉइंट पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. आयपी६८ फोनलाही हा नियम लागू आहे.

फोनची किंमत ठरवताना पंप किंवा कोळपे घेताना लावता तीच कसोटी लावा: माझ्या रानात, माझ्या कामात, किती वर्षे चालेल आणि बिघडला तर कुठे दुरुस्त होईल? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नका.