झाडीतून जहाजावर

भंडाऱ्याच्या माणसाने समुद्रावर लिहावे, म्हणजे मुंबईकराने वाघावर लिहिण्यासारखे आहे. ऐकीव माहिती भरपूर, पण समोरासमोर गाठ पडलेली नाही. आमचा जिल्हा तलावांचा. आमच्या लेखी पाण्याचे प्रकार दोन: एक धानाच्या बांधीत उभे राहणारे आणि दुसरे वैनगंगेतून वाहणारे. कारध्याच्या पुलावर उभे राहून धिवरांचे डोंगे पाहणे, हा आमच्या जलविहाराचा कळस. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा थेट शहरात शिरली, तेव्हापासून तर जास्त पाणी पाहण्याची हौस बरेच दिवस कोणी बोलून दाखवली नाही.

अशा या कोरड्या माणसाला गेल्या नाताळच्या सुट्टीत जहाजावर चढवले ते आमच्या साडूभाऊंनी. ते ठाण्याला राहतात आणि दुसऱ्यांच्या सहली आखणे हा त्यांचा सेवानिवृत्तीनंतरचा उद्योग आहे. ‘सिंगापूरहून निघायचे, पेनांग, फुकेत पाहायचे आणि चार रात्रींनी परत सिंगापूर. सगळे ठरले आहे, तुम्ही फक्त पासपोर्ट काढा,’ असा त्यांचा फोन आला. सौभाग्यवतींनी होकार आधीच कळवला होता. माझ्याकडे फक्त बातमी म्हणून आली.

स्टाफरूममध्ये ही वार्ता फुटली, तेव्हा अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘म्हणजे जिथून निघणार तिथेच परत उतरणार. मग जाता कशाला?’

प्रश्न थट्टेचा होता खरा, पण माझ्या मनात तो घर करून राहिला. कारण वर्गात मी प्रवासवर्णन शिकवतो, आणि त्या पुस्तकांतली माणसे कुठेतरी पोचण्यासाठी निघालेली असतात. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, नवरा बरोबर नाही, समुद्र ओलांडला म्हणून जातीबाहेर टाकायला समाज टपलेला. जवळजवळ दोन महिने पाण्यावर, ते वैद्यकी शिकण्यासाठी. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, आणि पुढे अमेरिकेत फिरून त्यांनी १८८९ साली त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात बोटीवरच्या मेजवान्यांचे कौतुक नाही, तिथल्या समाजाची चिकित्सा आहे.

आणि भंडाऱ्यात बसून समुद्राची गोष्ट काढली, की डॉ. आंबेडकरांची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. १९५४ च्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते याच मतदारसंघातून उभे होते आणि पडले. ते आमच्याकडे पोरेटोरेही सांगतात. पण १९१७ साली ते लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ आणि कागदपत्रे वेगळ्या बोटीने येत होती आणि पहिल्या महायुद्धातल्या पाणतीराने ती बोट बुडवली, ही हकीगत मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची चुळबूळसुद्धा थांबते. कारण आमच्या मुलांना पुस्तकांची किंमत ठाऊक आहे. परीक्षेच्या आधी एका पुस्तकावर तिघे-तिघे अभ्यास करतात.

तर अशा प्रवाशांच्या पंगतीत आम्ही जाऊन बसणार होतो, खिशात चिवड्याची पुडकी घेऊन!

भंडारा रोड स्टेशनवर विदर्भ एक्सप्रेस धरली, दुसऱ्या सकाळी मुंबई, रात्री विमान, आणि त्यानंतरच्या दुपारी आम्ही सिंगापूरच्या धक्क्यावर. समोर जे उभे होते त्याला जहाज म्हणायला जीभ वळेना. दहा-बारा मजली चाळीला कोणी पांढरा रंग देऊन पाण्यात लोटावे, तसे ते दिसत होते. पिछाडीवर मोठ्या अक्षरांत ‘नासाऊ’ असे गावाचे नाव. मला वाटले, जहाज तिथून आले असेल. साडूभाऊंनी समजावले की नासाऊ ही बहामाची राजधानी. जहाज तिथे नुसते नोंदवलेले असते. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा, कामगार पन्नास देशांचे. कर आणि कामगार कायदे सोयीचे पडतात म्हणून ही रीत. आमच्याकडे जमीन एकाच्या नावे, कसणारा दुसरा आणि सातबाऱ्यावर तिसराच, हा प्रकार आम्हांला नवा नाही. त्यामुळे ते मला चटकन कळले.

जहाज सुटण्यापूर्वी सगळ्यांना एका जागी जमवून बुडायचे कसे, म्हणजे बुडू नये म्हणून काय करायचे, हे शिकवतात. पूर्वी ही कवायत चोवीस तासांत कधीही उरकत. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. २०१५ पासून नियमच झाला की सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती झालीच पाहिजे. आमच्या गटातली निम्मी मंडळी त्या वेळी खालच्या भोजनगृहात पोळी मिळते की नाही याचा तपास करीत होती. पोळी मिळते. वरणही मिळते. जैन स्वयंपाकाचे वेगळे पातेले असते. मराठी माणूस दोन खंड पलीकडे गेला तरी पहिला प्रश्न पोळीचा विचारतो, आणि उत्तर मिळाले की मग सूर्यास्त पाहायला मोकळा होतो.

सूर्यास्ताविषयी मी लिहिणार नाही. तो चांगला होता. मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री दोन्ही अंगांना मालवाहू जहाजांचे दिवे, लांबच्या लांब रांग. जणू दिवाळीत कोणी पाण्यावर पणत्या मांडल्या आहेत. पेनांगचे जॉर्जटाउन टुमदार, २००८ पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीतले. तिथे तमिळ पाट्यांखाली उभे राहून आम्ही इडली खाल्ली. फुकेतला जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरले आणि लहान बोटींनी आम्हांला नेले. त्या बोटीत पाय टाकताना सौभाग्यवती म्हणाल्या, ‘हा आपला डोंगाच हो!’ तेवढ्यापुरते दोघांनाही घरी आल्यासारखे वाटले.

पण घर भेटले ते आधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेही आमच्या खोलीच्या दारात.

सौभाग्यवती बाथरूममधून मला हाक मारीत होत्या, ‘अवो, इकडे या ना जी!’ दार उघडे होते. चादरी बदलायला आलेला पोरगा हातात उशी धरून तसाच उभा राहिला. चोवीस-पंचवीसचा, सावळा, कडक इस्त्रीच्या गणवेशातला. आदल्या दिवसापासून तो आमच्याशी इंग्रजीत अदबीने बोलत होता. इकडेतिकडे पाहून तो हळूच म्हणाला, ‘तुमी झाडीतले का जी?’

मराठीच्या प्राध्यापकाला चाळीस व्याख्यानांनी जे पटवता आले नसते ते त्या एका ‘जी’ने पटले. आमची झाडीबोली म्हणजे ‘ण’ला ‘न’ म्हणणारी आणि ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणणारी. शहरात गेलेली आमची मुले ती पहिल्या आठवड्यात ट्रंकेच्या तळाशी दडपून टाकतात. साकोलीकडच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी तिच्यासाठी उमेदीची वर्षे वेचली. तरी मौखिक परीक्षेत ती तोंडून निसटली की मुलगी लाजेने अर्धी होते. आणि इथे भर समुद्रात तीच बोली ओळखपत्र होऊन समोर उभी.

पोरगा लाखांदूरकडचा. नागपूरला हॉटेलचा अभ्यासक्रम करून आलेला. हा त्याचा दुसरा करार, नऊ महिन्यांचा, त्यांपैकी सातवा महिना चालू. त्याच्याकडे एकोणीस खोल्या, दिवसातून दोनदा. आठवड्याची सुट्टी नाही. झोपायची जागा पाण्याच्या पातळीखाली, दोघांत एक खोली, खिडकी नाही. बंदर आले की दोन-तीन तास मोकळे मिळाले तर मिळाले. त्यात किनाऱ्यावर जाऊन घरी फोन करायचा आणि पैसे पाठवायचे. पाहुण्यांच्या डेकवर कामाशिवाय जायचे नाही.

सौभाग्यवतींनी विचारले, ‘मग समुद्र तरी दिसते का रे बाबा?’

‘दिसते ना जी. गॅलरीची काच पुसताना दिसते.’

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हे मुद्दाम सांगतो. घराचा स्लॅब पडला होता, बहिणीचे लग्न झाले होते, धाकटा भाऊ भंडाऱ्यात शिकत होता. गावात राहून हे कशातून झाले असते, हे त्याने मला विचारले आणि उत्तराची वाट न पाहता उशीचा अभ्रा चढवला. मला त्याची दया येण्याचे कारण नव्हते. चार रात्री काहीही न करण्यासाठी मी जे पैसे मोजले होते, ते आणि त्याचा महिन्याचा पगार यांत फार अंतर नव्हते, एवढेच काय ते मनात टोचत राहिले.

तेव्हापासून मला जहाज दोन दिसू लागले. एक वरचे, समुद्र पाहणाऱ्यांचे. दुसरे खालचे, ते चालवणाऱ्यांचे. हे आजचे नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या ज्या बोटींतून आपली बॅरिस्टर मंडळी विलायतेला गेली, त्यांच्या डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले होते आणि वाढपी गोव्याचे. सारंग, टंडेल, कसब अशी त्यांची उतरंड. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली. या खलाशांसाठी भात शिजवणाऱ्या आचाऱ्याला बोटीवर ‘भंडारी’ म्हणत. म्हणजे भंडाऱ्याच्या नावाशी जुळणारा माणूस समुद्रावर पूर्वीपासूनच होता म्हणायचा! त्या सारंगांनी, त्या भंडाऱ्यांनी एडन पाहिले, पोर्ट सैद पाहिले, लंडनची गोदी पाहिली, आणि कोणाही बॅरिस्टरपेक्षा जास्त वेळा पाहिली. पण त्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन मी आजवर कोणत्याही अभ्यासक्रमात लावलेले पाहिले नाही. मराठीतले समुद्रवर्णन हे बहुतेक वरच्या डेकवरून केलेले वर्णन आहे. माझेही तेच आहे, हे मी जाणून आहे. पण निदान जिना कुठे आहे ते मला आता ठाऊक झाले.

निघताना पोराने एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला. सौभाग्यवतींनी उरलेला चिवडा त्याच्या हाती ठेवला. तो त्याने गणवेशाच्या आत लपवला, कारण पाहुण्यांकडून खाद्यपदार्थ घ्यायचे नाहीत असा तिथला नियम होता.

परत आल्यावर गावात माझी कीर्ती झाली. ‘सर जहाजावर जाऊन आले’ हे सगळीकडे पसरले, आणि फेब्रुवारीत एक गृहस्थ माझ्या दारी आले. मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. त्यालाही जहाजावरच जायचे होते. शहरातल्या एका एजंटाने अडीच लाख मागितले होते, त्यातले पन्नास हजार आठ दिवसांत. गृहस्थांनी पिशवीतून सातबारा काढून माझ्या टेबलावर ठेवला. एक एकर धानाची जमीन, नहराच्या पाण्याची. ‘तुमी पाहून आले, सर. देऊ का नको, सांगा.’

मी त्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. जहाज कुठल्याशा बंदरात होते, म्हणून फोन लागला. पोरगा पलीकडून जवळजवळ ओरडलाच, ‘देऊ नका म्हना जी! आदी नंबर पाहा म्हना, लायसनचा!’

मग आम्ही तिघांनी, मी, गृहस्थ आणि त्यांचा मुलगा, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या संगणकासमोर बसून पुढचे सगळे वाचून काढले. नाविक कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा आहे, २०१३ पासून तो अमलात आला आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. त्याप्रमाणे नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला, खलाशाचे नोंदपुस्तक यांचा खर्च त्याचा. नोकरी लावून देण्याचा मोबदला नाही. दिवसातून किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असेही त्यात आहे. आणि भरती करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे नौवहन महानिदेशालयाचा परवाना लागतो. त्यांची यादी कोणालाही पाहता येते.

यादी लांबलचक होती. मुलगा एकेक नाव मोठ्याने वाचत गेला. गृहस्थ बोट पडद्यावर टेकवून त्याच्याबरोबर खाली सरकत होते. एजंटाचे नाव कुठेच नव्हते. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला लावले. तरी नव्हते.

‘मग जायचंच नाही का जी?’ मुलाने विचारले. आवाज पडला होता.

जायचे नाही, असे कोण म्हणतो? यादीतल्या मुंबईच्या तीन कंपन्यांचे पत्ते आम्ही उतरवून घेतले. लाखांदूरच्या पोराने पाठवला त्या नमुन्याप्रमाणे अर्ज लिहायला बसलो. इंग्रजी मी तपासले, आणि ‘बोलता येणाऱ्या भाषा’ या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी यांच्यापुढे मुलाने थोडा विचार करून आणखी एक शब्द लिहिला. तो मी खोडला नाही. गृहस्थांनी सातबाऱ्याची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि पाच वाजताची एस.टी. चुकेल म्हणून उठले.

मुलाची मुलाखत दिवाळीनंतर मुंबईत आहे. विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट काढून झाले आहे, प्रतीक्षा यादीतले, सतरावे.