तोट्यात भागीदार, नफ्यात मजूर

नवा उद्योग काढणाऱ्याचे कौतुक करण्याचा हा काळ आहे. स्टार्टअप काढणाऱ्या तरुणांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात, कोणाला किती कोटींचे भांडवल मिळाले याचे आकडे छापून येतात. त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्या उद्योगाचे पहिले रूप ज्याच्या हातून उमटते, त्या डिझायनरचा हिशेब कोण मांडतो? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला हा प्रश्न विचारावासा वाटतो.

प्रथम त्याचे काम काय ते पाहू. समजा, किराणा दुकानदाराची उधारीची वही मोबाईलवर आणावी, अशी कल्पना कोणाला सुचली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर लाखो रुपये खर्च करण्यापूर्वी ती चालेल की नाही हे अजमावावे लागते. त्यासाठी गरजेपुरता पहिला नमुना तयार करतात; त्यास ‘एमव्हीपी’ म्हणतात. एरिक रीस यांच्या २०११ सालच्या ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाने हा शब्द जगभर नेला. स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर चार दुकानदारांशी बोलतो, काय ठेवावे आणि मुख्यतः काय गाळावे हे ठरवतो आणि फिग्मासारख्या साधनात बोटाने दाबून पाहता येईल असा आराखडा बनवतो. आपल्या बेळगावात तर त्याला आणखी एक व्यवधान असते. कन्नड जोडाक्षरातील ओत्तक्षर ओळीखाली उतरते आणि मराठीच्या मात्रा-वेलांट्या शिरोरेषेच्या वर चढतात. इंग्रजीच्या मापाने बेतलेल्या बटणात दोन्हींची कत्तल होते! ही जाण बाजारात विकत मिळत नाही.

माझा मामेभाऊ हे काम करतो आणि त्याच्या जमाखर्चाची वही मी लिहितो. त्या वहीतील दोन नोंदी बोलक्या आहेत. एका ग्राहकाने सांगितले, “आत्ता थोडे घे, पुढे कंपनीत वाटा देतो.” दोन महिने काम झाले, ॲप काही चालले नाही. उरलेले बिल मागितले तेव्हा उत्तर आले, “धंदाच बसला, पैसे कसले मागतोस?” दुसऱ्या ग्राहकानेही वाट्याचा शब्द दिला होता. त्याचे ॲप चालले, भांडवलही आले. वाट्याची आठवण करून देताच तो म्हणाला, “तुझे बिल चुकते केले ना? आता वाटा कसला?” म्हणजे धंदा बुडाला तेव्हा माझा भाऊ भागीदार होता आणि तरला तेव्हा मजूर!

१९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदारीच्या व्याख्येचा पायाच नफ्याची वाटणी हा आहे. ज्याला नफ्यात वाटा नाही पण तोटा मात्र सोसावा लागतो, त्याला कोणत्या खात्यावर लिहावे? आमच्या पाठ्यपुस्तकात तरी असे खाते मला आढळले नाही.

यावर असे सांगितले जाते की, पहिला नमुना बहुधा टाकूनच द्यावा लागतो. टाकाऊ वस्तूचे पैसे कोण देणार? हा युक्तिवाद मला पटत नाही. शहापूर-वडगावच्या मागांवर साडी चढण्याआधी कोणीतरी आलेखाच्या कागदावर नक्षी काढतो, त्याबरहुकूम जॅकार्डची कार्डे टोचली जातात. साडी खपली नाही म्हणून नक्षी काढणाऱ्याने मजुरी सोडावी काय? किंबहुना ‘ही कल्पना चालणार नाही’ हे थोड्या खर्चात कळणे हाच त्या नमुन्याचा लाभ आहे. वाचलेले लाखो रुपये ही त्याचीच कमाई.

दुसरी बाजूही आहे. नव्या उद्योजकाजवळ खरोखरच पैसा नसतो. शिवाय डेव्हिड चो या चित्रकाराचे उदाहरण दिले जाते. २००५ साली फेसबुकच्या कचेरीच्या भिंती रंगवताना त्याने रोख रकमेऐवजी शेअर घेतले आणि २०१२ साली शेअर बाजारात आले तेव्हा तो कोट्यधीश ठरला. परंतु त्याने जोखीम आपणहून पत्करली आणि त्याच्या हाती शेअर होते, नुसता शब्द नव्हे. याउलट कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ साली ‘नायकी’चे चिन्ह ३५ डॉलरला काढून दिले. ते काम सांगणारे फिल नाइट तिच्याच विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकवत होते! १९८३ साली कंपनीने तिला काही शेअर दिले खरे, पण ते औदार्य होते, हक्क नव्हे. उदरनिर्वाह दुसऱ्याच्या औदार्यावर सोडता येत नाही.

मग उपाय काय? कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे बिल लेखी मुदत ठरली असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि ठरली नसल्यास १५ दिवसांत भागवावे लागते. नपेक्षा बँक रेटच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज चढते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेख आणि सही लागते. यास्तव ‘संपूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ हे एक वाक्य करारात असले पाहिजे. वाट्याच्या तोंडी वचनापासून मात्र सावध राहावे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील ‘स्वेट इक्विटी’ संचालक व कर्मचारी यांच्यासाठी आहे. बाहेरच्या माणसाला शेअर द्यायचे तर भागधारकांचा विशेष ठराव आणि मूल्यांककाचा अहवाल लागतो. चहाच्या टपरीवर दिलेल्या शब्दाने कोणी भागधारक होत नाही.

माझे मत एवढेच : कामाचा मोबदला टप्प्याटप्प्याने रोख मिळावा, आणि वाटा द्यायचा असेल तर तो मोबदल्याच्या वर, कागदावर असावा. येथे आपले, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचे, काम सुरू होते. चित्र काढणाऱ्याला करार लिहिण्याचा कंटाळा असतो आणि आपण तर करार व बिले यांचे पाठ परीक्षेपुरतेच घोकतो. आपल्यापैकी प्रत्येकाने ओळखीच्या एका कारागिराला मराठीत वा कन्नडमध्ये एक पानी करार लिहून दिला, तरी आपली तीन वर्षे फुकट गेली नाहीत असे म्हणता येईल.

— बी. कॉम., अंतिम वर्ष